सेंद्रिय गहू पिवळा पडतो, दाणा चिमतो: दोष कुठे आहे ते पानावरून ओळखा

जानेवारी लागला की मराठवाड्यातल्या सेंद्रिय गहूवाल्यांची ठरलेली तक्रार सुरू होते. उगवण चांगली झाली, पहिल्या पाण्यापर्यंत रान हिरवंगार होतं आणि आता खालून पिवळं पडत चाललंय. शेण-गोमूत्राचं जीवामृत सोडून झालं, फवारून झालं, फरक नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस दुसरी तक्रार येते: ओंब्या दिसायला भरपूर, पण तळहातावर चोळली की दाणा सुरकुतलेला. मळणीला एकरी सात-आठ क्विंटल, आणि बांधाशेजारचा युरियावाला पंधरा सांगतो.

एखाद्या वर्षी झालं तर हवामानावर ढकलता येतं. दरवर्षी होत असेल तर नाही.

या दोन तक्रारींची कारणं वेगळी आहेत. पहिलीत जमीन वेळेवर नत्र देत नाही, म्हणून पानं आणि फुटवे (झाडाच्या बुडाशी निघणाऱ्या नव्या काड्या) कमी पडतात. दुसरीत पानं असतात, पण ऊन आणि गरम वारा त्यांना मुदतीआधी वाळवतात. दोन्हींवर उपाय करायची वेळही वेगळी आहे, आणि बहुतेक उपाय तक्रार दिसायच्या बरेच आधी करावे लागतात. म्हणून कोणतं पान, पेरणीपासून कितव्या दिवशी आणि कुठून पिवळं पडायला लागलं, हे टिपून ठेवणं हाच निदानाचा पाया.

एक सावधगिरी. ‘सेंद्रिय हिवाळी गहू’ म्हणून नेटवर जी परदेशी माहिती सापडते, ती जशीच्या तशी उचलू नका. युरोपातला हिवाळी गहू शरद ऋतूत पेरतात आणि तो पुढच्या वर्षी जुलै-ऑगस्टला कापतात. बरेच आठवडे थंडी खाल्ल्याशिवाय तो वेळेवर ओंबीच काढत नाही. आपले वाण तशी थंडी मागत नाहीत आणि १०० ते १२० दिवसांत मोकळे होतात. त्यांचं वेळापत्रक आपल्या कामाचं नाही. एक दुखणं मात्र दोन्हीकडे सारखं आहे: जमीन थंड असते तेव्हा सेंद्रिय खतातून नत्र हळू सुटतं, आणि नेमकी तेव्हाच पिकाची भूक वाढत असते.

उतारा कुठे गळाला?

तारेची किंवा कामट्यांची एक मीटर लांब, एक मीटर रुंद चौकट करा. कापणीच्या आठवड्यात ती रानात तीन-चार ठिकाणी टाका (बांधाकडेला आणि दांडाच्या, म्हणजे पाण्याच्या पाटाच्या, कडेला नको) आणि आतल्या ओंब्या मोजा. हाताला येतील तशा दहा ओंब्या चोळून दाण्यांची सरासरी काढा. न निवडता शंभर दाणे घेऊन सोनाराच्या काट्यावर तोलून आणा. झालं.

समजा चौकटीत ३०० ओंब्या, ओंबीला ३५ दाणे आणि शंभर दाण्यांचं वजन ४ ग्रॅम आलं. तर चौरस मीटरला ४२० ग्रॅम, म्हणजे एकरी १७ क्विंटल. आता दुसरं रान घ्या: २०० ओंब्या, २८ दाणे, शंभर दाण्यांना ३.६ ग्रॅम. चौरस मीटरला २०० ग्रॅम, एकरी ८ क्विंटल.

दुसऱ्या रानाचं नुकसान कशात झालं ते बघा. दाण्याचं वजन पहिल्या रानापेक्षा दहा टक्के कमी, ओंबीतले दाणे वीस टक्के कमी आणि ओंब्यांची संख्या तेहेतीस टक्के कमी. चिमलेला दाणा हातात येतो, म्हणून सगळे त्याच्यावर बोलतात. न आलेली ओंबी दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. सेंद्रिय गव्हात मोठी गळती बहुतेक वेळा इथेच असते, आणि ती ४५ दिवसांच्या आत होऊन गेलेली असते. ओंबीत दाणे किती धरायचे, हे कांडी धरल्यापासून (काडीला पेरं पडून ती वर चढायला लागल्यापासून) फुलोऱ्यापर्यंत ठरतं. फुलोऱ्यानंतर उरतं फक्त दाण्याचं वजन.

तुमच्या चौकटीत ओंब्या पुरेशा असतील आणि फक्त दाणा हलका असेल, तर खाली उन्हाचा भाग आहे, थेट तिकडे जा. ओंब्याच कमी असतील तर क्रमाने वाचा.

पानांचं वेळापत्रक

दिवसाचं सरासरी तापमान रोजच्या रोज मिळवत गेलं तर साधारण शंभर अंश जमले की गव्हाच्या मुख्य काडीला एक नवं पान येतं. वाणाप्रमाणे थोडं कमी-जास्त. नोव्हेंबरअखेर आपल्याकडे सरासरी वीस-बावीस अंश असते, म्हणजे पाचेक दिवसांना एक पान. एकूण पानं आठ-नऊ. तिसरं पान पूर्ण उलगडून चौथं डोकावतं, तेव्हा पहिल्या पानाच्या बगलेतून पहिला फुटवा निघतो. पुढे प्रत्येक पानामागे एक संधी. त्या वेळी अन्न किंवा ओल नसेल तर फुटवा मागाहून येत नाही. ती जागा गेली ती गेलीच.

थंडी गव्हाला मानवते ती यामुळे. थंडीत पान उशिरा येतं, पीक कांडीवर जायची घाई करत नाही आणि फुटव्यांना सवड मिळते. ऑक्टोबरच्या उकाड्यात पेरलेला गहू भराभर पानं काढतो, पण पानं अरुंद, फुटवे एक-दोन, आणि डिसेंबर उजाडायच्या आत कांडीवर. ‘लवकर पेरला तर उन्हातून सुटेल’ हे म्हणणं म्हणून अर्धंच खरं. बागायती गव्हाला नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा सांगतात, त्यात दोन्ही टोकांचा विचार आहे.

पन्नाशीच्या सुमारास शेवटचं पान निघतं, ज्याला ध्वजपान म्हणतात. त्याच्याच आवरणात ओंबी असते, म्हणून आपण गहू पोटरीत आला म्हणतो. दाणा भरायला लागणाऱ्या अन्नाचा मोठा वाटा हे पान, त्याच्या खालची एक-दोन पानं आणि खुद्द ओंबी मिळून तयार करतात. खालची जुनी पानं तोवर सावलीत गेलेली असतात.

पंचवीस ते पंचेचाळीस दिवसांतला पिवळेपणा

झाड उपटू नका, आधी वाकून बघा. सर्वांत खालची पानं टोकाकडून पिवळी पडत असतील, पिवळेपणा मधल्या शिरेने पानाच्या बुडाकडे सरकत असेल आणि वरची कोवळी पानं फिकट पण हिरवी असतील, तर ती नत्राची भूक. पीक जुन्या पानातलं नत्र काढून नव्याला देतंय.

आता हिशेब. एक क्विंटल गहू यायला पीक जमिनीतून साधारण अडीच किलो नत्र उचलतं. एकरी १५ क्विंटल हवा असेल तर ३७ किलो लागेल, त्यातलं बहुतेक फुलोऱ्याच्या आत. तुम्ही पाच टन शेणखत टाकलं. अर्धा टक्का नत्र धरलं तर त्यात २५ किलो आहे, पण पहिल्या हंगामात त्यातलं फार तर तिसरा हिस्सा सुटतं, म्हणजे आठेक किलो. जमिनीचा स्वतःचा साठा आणि आधीच्या पिकाची पानगळ मिळून बारा किलो मिळालं असं धरू. बेरीज वीस किलो. वीस किलोत आठ क्विंटलच गहू येणार, आणि मळणीला तेवढाच येतो. शेत फसवत नाही, आपणच जमा-खर्च मांडत नाही.

आणि जीवामृत? दोनशे लिटरच्या टाकीत दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन. या सगळ्यात मिळून नत्र पाव किलोच्या आसपास भरतं. जीवामृताने जमिनीतले जिवाणू हलते राहतात, असं मानणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण जिवाणूंना कुजवायला रानात मालच नसेल तर ते सोडणार काय? पिवळ्या पडलेल्या गव्हावर आठवड्याला टाकी ओतत राहणं म्हणजे रिकाम्या कणगीला झाडू मारणं.

दुसरं कारण अर्धकच्च्या खताचं. उकिरड्याचं वरचं शेणखत, सोयाबीनचं भुसकट, बारीक केलेली पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) पेरणीच्या तोंडावर मातीत घातली, की ती कुजवण्यासाठी जिवाणू जमिनीतलंच नत्र उचलतात. पीक महिनाभर उपाशी राहतं. पुढे ते नत्र परत सुटतं, पण फुटव्यांचा काळ निघून गेलेला असतो. तुमचा गहू फेब्रुवारीत अचानक काळसर हिरवा होत असेल आणि ओंब्या मात्र विरळ असतील, तर कच्च्या खतावर संशय घ्या. मुठीत दाबल्यावर शेणाचा वास येणारं, काडी-कचरा ओळखू येणारं खत गव्हाला घालू नये. ते मे महिन्यात खरिपासाठी टाकावं, म्हणजे रब्बीपर्यंत त्याचं सोनं होतं. कच्च्या खताबरोबर वाळवीही येते. पिवळं झाड हलक्या हाताने उपटून यावं आणि मुळं कुरतडलेली दिसावीत, तर ती नत्राची कमतरता नव्हे.

तिसरी गोष्ट थंडीची. परभणीचं किमान तापमान एक आकड्यावर आलं की बातमी होते. गव्हाला ते हवंच असतं, पण मातीतल्या जिवाणूंचं काम त्यात मंदावतं. कुजणं थांबत नाही, हळू होतं. गव्हाची नत्राची मागणी मात्र कांडी धरताना सर्वांत जास्त असते, आणि वेळेवर पेरलेल्या गव्हाची ती वेळ डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात येते. म्हणजे ज्या वर्षी थंडी चांगली, त्या वर्षी फुटवे चांगले आणि सेंद्रिय रानात पिवळेपणाही जास्त. गोंधळवणारं आहे खरं, पण कारण हेच.

मग करायचं काय

पिवळेपणा दिसल्यावर करण्यासारखं थोडंच आहे, पण आहे. लवकर सुटणारं नत्र द्या. गोबर गॅसची स्लरी असेल तर ती सगळ्यात चांगली, कारण तिच्यातला काही हिस्सा पिकाला लगेच घेता येतो. गाळून पाटाच्या पाण्यातून सोडा. शेंगदाण्याच्या पेंडीत साधारण सात टक्के नत्र असतं, निंबोळी पेंडीत त्याहून कमी. शंभर किलो शेंगदाणा पेंड म्हणजे सात किलो नत्र. ती भिजवून किंवा भुकटी करून पहिल्या पाण्याआधी ओळीत द्या. चाळीस दिवसांनंतर दिलेली पेंड उताऱ्याला फारशी लागत नाही. दाण्यातली प्रथिनं थोडी वाढतील एवढंच. पेंड महाग पडते हे मान्य. म्हणून ती सगळ्या रानाला पातळ वाटण्यापेक्षा, जिथे पाण्याची खात्री आहे तेवढ्याच एकरात द्यावी असं माझं मत.

खरा इलाज खरिपातच सुरू होतो. मूग किंवा उडदाचं रान ऑगस्ट-सप्टेंबरात मोकळं होतं. त्याचा पाला मातीत गाडून कुजायला दीड-दोन महिने मिळतात आणि शेणखतही वेळेवर पडतं. सोयाबीननंतरचा गहू त्याखालोखाल. सोयाबीनची पानगळ रानातच राहते ही जमेची बाजू, पण काढणी-मळणी ऑक्टोबरात अडकते आणि परतीचा पाऊस लांबला तर पेरणी डिसेंबरात ढकलली जाते. कपाशी मोडून गहू घेणारे सर्वांत अडचणीत: पेरणी उशिरा, जमीन दमलेली आणि वर पऱ्हाटी. त्यांनी सेंद्रिय गव्हाचा हट्ट त्या रानात धरू नये.

पेरणीच्या वेळी बियाण्याला अॅझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू लावायचे असतील तर दहा किलोला अडीचशे ग्रॅमच्या हिशेबाने लावा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. ओळीत साडेबावीस सेंटीमीटर अंतर ठेवा, म्हणजे विसाव्या ते पस्तिसाव्या दिवसाच्या दरम्यान कोळपं चालतं. सेंद्रिय गव्हात चंदनबटवा आणि चांदवेल जे नत्र खातात ते तुमच्याच शेणखतातलं असतं. मुठीने फोकून पेरलेल्या गव्हात त्यांना काढणार कसं?

नत्र नसतानाही पिवळा पडतो तेव्हा

पाणी दिल्यावर तीन-चार दिवसांनी सखल जागेत, दांडाच्या तोंडाशी पट्ट्या पिवळ्या पडल्या तर मुळं गुदमरली आहेत. आपली काळी माती पाणी धरते आणि हवा बाहेर ढकलते. शिवाय रात्रपाळीची वीज आली की मोटार चालू करून माणूस झोपतो आणि पहाटे सारा (लांबट वाफा) तुडुंब भरलेला असतो. वाफसा आल्यावर, म्हणजे जास्तीचं पाणी निचरल्यावर, पीक आपोआप सावरतं. तोवर त्यावर काहीही फवारू नका. पुढच्या वेळी सारे अरुंद काढा, नाहीतर तुषार लावा.

सर्वांत वरचं, कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, खालची पानं ठणठणीत: हे चुनखडीच्या जमिनीतलं लोहाचं दुखणं. मधल्या पानांवर फिकट पट्टे, तांबूस डाग आणि पान मधूनच मोडून लोंबणं हे जस्ताचं. मराठवाड्याच्या जमिनींत या दोन्हींची कमतरता नेहमीची आहे. माती परीक्षण करून घ्या. सेंद्रिय प्रमाणपत्र असलेल्यांनी झिंक सल्फेटसारखी गोष्ट वापरण्याआधी आपल्या प्रमाणीकरण गटाला विचारावं, परस्पर वापरू नये.

फेब्रुवारीचं ऊन

आता दुसरी तक्रार. पन्नास-साठ दिवसांच्या पिकात भर दुपारी दोन ओळींच्या मधे बघा. जमिनीवर उन्हाचे कवडसे तुरळक असतील तर पानं पुरेशी आहेत. ओळीच्या ओळी उन्हात दिसत असतील तर तितकं ऊन फुकट गेलं. मग ध्वजपान मोजा. लांबी गुणिले जास्तीत जास्त रुंदी गुणिले पाऊण, असं पानाचं क्षेत्रफळ येतं. वीस सेंटीमीटर लांब आणि दीड सेंटीमीटर रुंद पान साडेबावीस चौरस सेंटीमीटर भरतं. भुकेल्या रानातलं चौदा लांब, एक रुंद पान साडेदहा. ओंबीला अन्न पुरवणारं मुख्य पान निम्म्याहून लहान, आणि तेही नत्राने रिकामं. दाणा नत्र मागायला लागला की पान आपलं नत्र उपसून देतं आणि वाळतं. मुळातच कमी असलेलं पान आधी वाळतं.

म्हणजे डिसेंबरातली भूक फेब्रुवारीतही वसूल होते. फुलोऱ्याच्या आधी पानांनी बनवलेली साखर काडीत साठून राहते आणि उन्हात पानं वाळली तर दाणा त्या साठ्यावर भरतो. ज्या रानात पानंच तोकडी, तिथे साठाही तोकडा. एकाच उन्हात एक रान तग धरतं आणि दुसरं चिमतं ते याच कारणाने.

तापमानाचं म्हणाल तर दाणा भरण्यासाठी सरासरी पंधरा ते वीस अंश उत्तम. सरासरी वीस असताना दाण्याला पस्तीसेक दिवस मिळतात, तर सव्वीस झाली की सत्तावीस-अठ्ठावीसच. रात्रीही गरम असतील तर दिवसभर बनवलेलं अन्न झाड रात्री श्वसनात खर्च करतं. आता आपल्या तारखा लावून बघा. पाच नोव्हेंबरला पेरलेला गहू जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात फुलोऱ्यात येतो आणि फेब्रुवारीच्या मध्याला दाणा भरून होतो. दुपारचा पारा या काळात तिशीच्या आसपास. दहा डिसेंबरचा गहू फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फुलतो आणि दाणा भरता भरता मार्च गाठतो, जेव्हा परभणी-नांदेडकडे दुपारी छत्तीस-सदतीस अंश असतात.

२०२२ चा मार्च हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तरेतल्या गव्हाला तो ऐन दाण्यात गाठला आणि १३ मे २०२२ ला केंद्र सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. बातम्या पंजाब-हरियाणाच्या होत्या, म्हणून आपल्याकडेही ‘मार्चचं ऊन’ हेच डोक्यात बसलं. पण आपला वेळेवरचा गहू मार्चपर्यंत दाणा भरून मोकळा झालेला असतो. आपल्याला भीती फेब्रुवारीची. २०२३ च्या फेब्रुवारीत देशाचं सरासरी कमाल तापमान १९०१ पासून त्या महिन्यातलं सर्वांत जास्त होतं. असं वर्ष पुन्हा आलं तर वीस नोव्हेंबरनंतर पेरलेला सगळा गहू त्यात सापडणार.

उन्हाची खूण नत्रापेक्षा वेगळी दिसते. इथे खालून हळूहळू नाही, तर वरच्या पानाचं टोक दोन-तीन दिवसांत पांढरट करपतं, पान दुपारी सुरळी होतं आणि सकाळी पूर्ण उलगडत नाही. ओंबी वरून पिवळी, काडी अजून हिरवी. या वेळी हातात एकच गोष्ट असते, पाणी. फुलोऱ्यापासून दाण्यात चीक भरेपर्यंत, म्हणजे साठ ते सत्तर दिवसांच्या दरम्यान, जमीन कोरडी पडू देऊ नका. ऐंशी-पंच्याऐंशीव्या दिवसाचं पाणी हलकं आणि वारा पडल्यावर द्या, नाहीतर ओल्या मातीत गहू लोळतो.

कालव्याचं आवर्तन गव्हाला विचारून सुटत नाही. जायकवाडी असो की येलदरी, पाळी येईल तेव्हा येते. पाणी एकच मिळणार असेल तर चाळीस-बेचाळीसाव्या दिवशी घ्या. दोन असतील तर वीस-बावीस आणि साठ-पासष्ट. तीन असतील तर वीस-बावीस, चाळीस-बेचाळीस आणि साठ-पासष्ट. पेरणीची तारीख शक्य तितकी आवर्तनाकडे बघून धरा. पाणी तुमच्या हातात नाही, तारीख थोडीफार आहे.

कोरडवाहूवाल्यांनी मात्र वरचा पानांचा आग्रह थोडा बाजूला ठेवावा. ओलीवर वाढणाऱ्या गव्हाला पानं फार झाली तर ती जानेवारीतच जमिनीतली ओल संपवतात आणि दाण्याला काही उरत नाही. तिथे बियाणं कमी, पेरणी ऑक्टोबरच्या अखेरीस आणि वाण त्या कामाचा: निफाडच्या संशोधन केंद्राचे पंचवटी किंवा नेत्रावती. बागायती वेळेवर पेरणीला त्र्यंबक, तर फुले समाधान वेळेवर आणि उशिरा दोन्हीला चालतो. लोकवन घरोघरी आवडतो, पोळी चांगली होते, पण तो तांबेऱ्याला लवकर बळी पडतो, हे ठाऊक असूनच पेरावा.

तांबेरा, मावा, ढग

थोडक्यात. बोटाला नारिंगी भुकटी लागली तर तांबेरा. त्याचे बीजाणू दक्षिणेकडच्या डोंगरांतून वाऱ्याबरोबर येतात आणि दव पडलं की रुजतात. सेंद्रिय शेतीत रोग दिसल्यावर भरवशाचा इलाज नाही. वाण प्रतिकारक हवा, नाहीतर खपली जातीचा गहू घ्या, त्याला हा त्रास कमी. ढगाळ हवेत मावा वाढतो, पानं चिकट होतात, वर काळी बुरशी येते. फवारणीआधी पानावर मावा खाणारे ठिपक्यांचे ढालकिडे दिसतात का बघा. भरपूर असतील तर आठवडाभर थांबा, नसतील तर पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा. ढगाळ आठवड्यात पान हिरवं असूनही अन्न कमी बनवतं. फुलोऱ्याच्या आधीचे पंधरा-वीस दिवस ढगात गेले तर ओंबीतले दाणे कमी भरतात. त्याला कुणाचा दोष नाही. गारपिटीचंही तेच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याने जे बघितलं त्यावर शेतात उपाय नसतो. पीक विमा आणि वेळेत कापणी एवढंच.

एक गोष्ट बियाण्याची. ज्या वर्षी दाणा चिमला, त्या वर्षीचा गहू पुढच्या पेरणीला ठेवू नका. लहान दाण्यातून निघणाऱ्या रोपाची पहिली पानंच लहान असतात आणि फुटव्यांची सुरुवात मागे पडते. ठेवायचाच झाला तर चाळणीवर वर राहिलेला ठोकळ दाणा तेवढा निवडा आणि पेरताना एकरी पाच-सात किलो बियाणं जास्त धरा.

आणि १५ डिसेंबर उलटूनही रान तयार नसेल, तर त्या रानात गहू टाकू नका. शेणखत तसंच राहू द्या, पाणी असेल तर उन्हाळी भुईमूग किंवा मूग घ्या, नसेल तर रान नांगरून तापू द्या. घरापुरता गहू विकत घेणं त्यापेक्षा स्वस्त पडतं.